नळ घरी चालतो, बामणोलीला चालत नाही

बामणोलीला शिवसागराच्या काठावर ट्रेलर लावला, शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि कप विसळायला नळ सोडला. आधी धार चांगली होती. मग बारीक झाली, मग सुतळीएवढी झाली आणि शेवटी नळाने दोन उचक्या देऊन मान टाकली. सोफ्याखाली पंप मात्र घुंघुं करत चालूच. टाकी ९० लिटरची, घरून निघताना काठोकाठ भरलेली. समोर कोयनेचं पाणी नजर जाईल तिथवर पसरलेलं आणि आम्ही दोघं बाटलीतल्या पाण्याने कप धुतोय.

हा ट्रेलर आम्ही सेकंडहँड घेतला. १४ फुटी, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, बोलेरोमागे ओढायचा. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, ओटा, सिंक, छोटी मोरी. साताऱ्यात सदर बझारला आमच्या अंगणात तो उभा राहिल्यापासून निदान पंधरा जणांनी विचारलं, ‘वडापावचा गाडा टाकताय काय?’ हे बँकेतून रिटायर झालेले, मी ज्युनियर कॉलेजात २६ वर्षं फिजिक्स शिकवलेलं. एवढ्या शिदोरीवर नळ आणि दिवे आपण सांभाळू, असं वाटलं होतं.

बामणोलीहून परत आलो. दुसऱ्या दिवशी अंगणात नळी लावून टाकी भरली, नळ सोडला, तर मस्त धार. दहा मिनिटं सोडून ठेवला तरी कमी होईना. हे म्हणाले, ‘घाटात हलल्याने पंपाने हवा धरली असेल.’ मलाही पटलं. पुढच्या खेपेला कासच्या अलीकडे मुक्काम केला आणि पुन्हा तेच. पाचेक मिनिटं पाणी, मग उचक्या. घरी आलो की नळ शहाण्यासारखा वागतो.

मग सगळे करतात ते आम्हीही केलं, पंप बदलला. ३,८०० रुपये. १२ व्होल्टचा डायफ्रॅमचा, म्हणजे आतला रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा पंप असतो. नळ बंद केला की नळीत दाब वाढतो, ठरावीक दाबाला आतलं स्विच पंप बंद करतं. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नवीन पंप बसवताना जुन्याच्या तोंडाची जाळी उघडली, तर तिच्यात प्लास्टिकचा कीस भरलेला. टाकीला भोकं पाडताना ड्रिलचा जो कीस आत पडला, तो कोणी काढलाच नव्हता. चला, सापडला चोर, असं म्हणून आम्ही खूश झालो.

चोर तो नव्हता. नव्या पंपानेही ठोसेघरला तोच प्रकार केला. वर रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. दिवे लावून नळ सोडला की दिवे मंद व्हायचे आणि पंपाचा आवाज म्हाताऱ्यासारखा व्हायचा.

तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं ऑटो इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. आला, पंपाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘बाई, नवा घालायच्या आधी मला फोन करायचा न्हवं का.’ मग मीटर काढून त्याने जे केलं, ते खरं तर मी करायला हवं होतं. मी काय करत होते? पंप बंद असताना व्होल्टेज बघत होते. १२.४ दिसायचं आणि मी समाधानाने मीटर ठेवून द्यायचे. त्याने नळ सोडायला लावला आणि पंप चालू असताना मोजलं. बॅटरीवर १२.४, पंपाच्या टोकावर ९.९. अडीच व्होल्ट वाटेत गायब.

करंट वाहत नसेल तर वायरीत व्होल्टेज पडत नाही, हे मी किती बॅचना शिकवलं याचा हिशेब नाही. तो काही बोलला नाही, पण हसला.

मग एकेक बाजू धरून मोजलं. बॅटरीचा प्लस आणि पंपाचा प्लस यांच्यात ०.८ व्होल्ट. मायनस ते मायनस १.७. प्लसची वायर १ चौरस एमएमची होती. तांब्याच्या तसल्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला १९ ओहमच्या आसपास असतो. बॅटरी पुढे, पंप मागे, अंतर सात मीटर, म्हणजे साधारण ०.१३ ओहम. पंप ६ अँपिअर ओढतो. गुणाकार केला की ०.८ येतोच. घरातल्या २३० व्होल्टमध्ये ०.८ गेले तर कोणाला कळतही नाही. १२ मध्ये तो पंधरावा हिस्सा आहे. वायरिंग करणाऱ्याने घराच्या सवयीने, दिव्याला पुरते ती पंपालाही पुरेल, अशा हिशेबाने वायर ओढली होती.

मायनसची गोष्ट वेगळी. तिला वायरच नव्हती. गाडीत करतात तसं चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट मारून काम भागवलेलं. बोल्ट उघडला तर थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवतात त्या कडीच्या, खाली काळा रंग तसाच, आणि बोल्टाच्या आट्यांत गंज. साताऱ्याच्या पावसात दोन वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! करंट रंगाच्या पापुद्र्याआडून, गंजातून वाट काढत चालला होता.

आम्ही चॅसी सोडून दिली. प्लस आणि मायनस दोन्ही ४ चौरस एमएमच्या वायरी बॅटरीपासून थेट पंपापर्यंत नेल्या, थिंबल पकडीने नीट दाबून बसवले आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज घातला. तिथेच का? फ्यूज पंपाजवळ ठेवला तर मधल्या सात मीटरमध्ये वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली की तिला वाचवायला कोणीच नसतं. आधीच्याने नेमकं तेच केलं होतं. परत मोजलं: वाटेत ०.४ व्होल्ट. पंपाचा आवाज लगेच बदलला. दिवेही मान खाली घालेनासे झाले.

आता तरी झालं, असं वाटून रहिमतपूरला मोठ्या दिरांकडे गेलो. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. शेतात विहिरीजवळ ट्रेलर लावला. जाऊबाईंना कौतुकाने नळ दाखवला. तीन मिनिटं झकास, आणि मग उचक्या.

आप्पा दारात उभे होते. आत आले, सोफ्याची फळी उचलली आणि टाकीकडे बघत राहिले. पांढरी प्लास्टिकची टाकी, तिचं पोट आत गेलेलं. उपाशी गुराच्या कुशी दिसतात तसं. आम्ही एवढ्या वेळा फळी उचलली होती, पण बघितलं होतं फक्त पंपाकडे. आप्पा ह्यांना म्हणाले, ‘आरं, हिला हवा कुठनं मिळती? आपल्या पायपाला एअर वॉल असतो का न्हाई?’ बाहेर गेले, पाणी भरायच्या तोंडाचं कुलपाचं झाकण फिरवलं. सुस्स करून आवाज आला, टाकीने ढुप् करत पोट बाहेर काढलं आणि नळ वाहायला लागला.

घरी नळ का चालायचा, हे तिथेच कळलं. अंगणात आम्ही नळीने टाकी भरायचो आणि झाकण तसंच उघडं ठेवायचो. प्रवासाला निघताना कुलूप. टाकीला वरच्या बाजूला हवेसाठी अर्ध्या इंचाची निप्पल होती, पण आधीच्या मालकाने ती एम-सीलने बुजवलेली. त्याचंही चुकलं म्हणवत नाही. यवतेश्वरच्या घाटात एक वळण घेतलं की त्या भोकातून पाणी उसळून गादीवर येत असणार. त्याने ओली गादी थांबवली आणि आम्हाला नवा पंप घ्यायला लावला. पंप पाणी ओढतो तेवढी हवा आत यायला हवी. ती नाही आली की टाकीत पोकळी तयार होते, टाकी चेपते, आणि एका क्षणी पंपाला पाणी ओढवत नाही.

एम-सील फोडून काढलं. निप्पलला पारदर्शक नळी लावली, टाकीपासून दीड फूट वर चढवली, तिथून बाहेर काढून तोंड खाली वळवलं आणि त्याला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. उसळलेलं पाणी नळीत चढतं आणि परत खाली येतं. खर्च ६० रुपये.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट घडली आणि ती जास्त गंभीर होती. बॅटरी चार्ज करायला विहिरीच्या खोलीतल्या बोर्डातून वायर ओढली. पाऊस झालेला, चिखल. जाऊबाई अनवाणी आल्या, दाराच्या हँडलला हात लावला आणि झटक्याने मागे झाल्या. ‘मुंग्या आल्या गं!’ चार्जर आधी बंद केला, सगळ्यांना लांब केलं. विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘बाई, बोर्डात अर्थिंग न्हाय.’ त्याने सांगितल्याप्रमाणे, पत्र्याला हात न लावता, ओल्या मातीत सळई खोचून ट्रेलरचा पत्रा आणि सळई यांच्यात मीटर धरला. चार्जर चालू केल्यावर १०८ व्होल्ट.

चार्जर बिघडलेला नव्हता. अशा चार्जरच्या आत फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन बारके कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून येणारा किंचित करंट जमिनीत जातो, कोणाला कळत नाही. अर्थिंग नसेल तर दोघांच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्याच्या आसपास, पत्रा लटकत राहतो. ट्रेलर रबरी टायरवर उभा, त्यामुळे जमिनीशी त्याचं नातंच नाही. त्या किंचित करंटने माणूस दगावत नाही. पण मुंग्या आल्या म्हणजे अर्थिंग नाही, आणि उद्या आत कुठे फेजची वायर पत्र्याला टेकली तर पूर्ण २३० हँडलवर येतील आणि एमसीबी ढिम्म हलणार नाही. हे मात्र जीव घेणारं आहे.

आता बाहेरून वीज आत येते तिथेच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे. आरसीसीबी असला तरी अर्थिंगला सुट्टी नाही. अर्थिंग असेल तर फेज पत्र्याला टेकताक्षणी तो पडतो. नसेल तर कोणी हात लावेपर्यंत वाट बघतो. आणि कोणाच्याही बोर्डात पिन खुपसण्याआधी हे होल्डरला दोन वायरी जोडलेला १०० वॅटचा बल्ब काढतात. फेज आणि अर्थ यांच्यात तो लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर त्या रात्री बॅटरीवर भागवायचं. ज्यांच्याकडे उतरलो त्यांना थोडा राग येतो. येऊ दे.

बाकीची कामं किरकोळ. रात्री नळ बंद असताना अर्ध्या अर्ध्या तासाने पंप घर्र करून थांबायचा, म्हणजे कुठेतरी दाब गळत होता. सगळ्या जोडांखाली कोरडी वर्तमानपत्रं अंथरून झोपलो. सकाळी सिंकखालच्या पितळी आट्याच्या एल्बोखाली रुपयाएवढा ओला डाग. ट्रेलरच्या नळ्या सीपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या. त्या भिंतीत उत्तम, कारण भिंत हलत नाही. इथे प्रत्येक खड्ड्याला जोड पिळला जातो. तेवढे सगळे जोड काढून जाळीची रबरी नळी आणि स्टीलच्या क्लिपा लावल्या. पंपाच्या दोन्ही बाजूंनाही हातभर नळीच घातली, त्याने आवाजही निम्मा झाला. कागद कोरडे निघाले असते तर पाणी पंपातूनच मागे टाकीत जात होतं असं समजून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बघितला असता.

एका गोष्टीवरून मात्र घरात भांडण झालं. मोरीत गॅस गीझर होता. ह्यांना तो हवा होता, मला नको होता. बारा चौरस फुटांची बंद मोरी, त्यात गॅस जळणार, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. खिडकी उघडी ठेवू, हे म्हणाले. जानेवारीत महाबळेश्वरला कोण खिडकी उघडी ठेवून अंघोळ करतं? गीझर काढला आणि बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेत, पत्र्याच्या पेटीत लावला. नुसती गरम पाण्याची नळी आत येते. तिथे तो मधूनच विझायचा, कारण पंप धडधड करत पाणी ढकलतो आणि प्रवाह खाली गेला की गीझर गॅस तोडतो. पंपापुढे एक लिटरची छोटी प्रेशर टाकी बसवली, तेव्हा ज्योत स्थिर झाली.

टाकीत पाणी किती आहे ते दाखवणारा काटा मात्र अजून वठणीवर आलेला नाही. टाकी भरलेली असो नाहीतर रिकामी, तो तीन चतुर्थांशच दाखवतो. विद्यार्थी म्हणाला, दिवाळीनंतर बघू. तोवर सोफ्याची फळी उचलून टाकीवर टिचकी मारतो आणि आवाजावरून अंदाज घेतो.