डिपॉझिशनमध्ये गप्प राहण्याचा हक्क: माझा अनुभव

न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत मी हिशेब बघायचे. पुढे गुंतवणूकदारांनी कंपनीच्या बिलांवरून फेडरल कोर्टात दावा लावला आणि कंपनी, मालक यांच्याबरोबर मलाही प्रतिवादी केलं. त्याच बिलांवरून फौजदारी चौकशीही चालू होती. डिपॉझिशनची, म्हणजे खटला उभा राहण्याआधी समोरच्या वकिलांनी शपथेवर घ्यायच्या जबानीची, नोटीस आली तेव्हा मला वाटलं, बिलं काही मी बनवली नाहीत, समोर आली ती नोंदवली. विचारतील ते सांगून मोकळं व्हावं. साताऱ्यात वकिली करणारा दादाही फोनवर म्हणाला, "अगं, कर नाही त्याला डर कशाला?"

माझ्या वकीलबाईंना हे अजिबात पटलं नाही. आपण निर्दोष आहोत असं सांगणाऱ्यालाही अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा, आधार घेता येतो, हे सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये 'ओहायो विरुद्ध रायनर'मध्ये स्पष्ट केलंय. 'नोंद मी केली' हे माझं खरं उत्तरही सरकारी वकिलाला माझ्याविरुद्धचा एक दुवा म्हणून पुरलं असतं.

हा हक्क दिवाणी कामातही चालतो, हे १९२४ सालीच ठरलेलं आहे. पण तिथे त्याची किंमत मोजावी लागते. फौजदारी खटल्यात आरोपी गप्प राहिला म्हणून ज्युरीने काही ताडायचं नसतं. दिवाणी दाव्यात मात्र पक्षकाराच्या गप्प राहण्यावरून प्रतिकूल निष्कर्ष काढायला घटनेची आडकाठी नाही, असं 'बॅक्स्टर विरुद्ध पाल्मिजियानो' (१९७६) सांगतं. म्हणजे तुरुंगाचा धोका टाळायचा तर दावा हरण्याचा धोका पत्करायचा. फौजदारी चौकशी संपेपर्यंत डिपॉझिशन थांबवा, असा अर्ज आम्ही केला. ते न्यायाधीशांच्या अखत्यारीत असतं. माझ्यावर आरोपपत्र नव्हतं, म्हणून अर्ज फेटाळला गेला.

'मी काहीच बोलणार नाही' असं एकदा सांगून उठता येत नाही. शपथ घेऊन बसायचं आणि प्रत्येक प्रश्नाला वेगळा नकार द्यायचा. त्याहून अवघड म्हणजे, अडचणीचा मुद्दा थोडासा सांगून पुढचा तपशील नाकारला तर हक्क सोडल्यासारखं होऊ शकतं. त्यामुळे रेषा आधीच आखावी लागली: नाव, शिक्षण, नोकरीची तारीख सांगायची, बिलांचा विषय निघाला की थांबायचं.

जबानी समोरच्या वकिलांच्या ऑफिसात झाली. न्यायाधीश नाहीत, लांब टेबल, कॅमेरा आणि शपथ देणारी स्टेनोग्राफर. नियमाने एक दिवस, सात तास. वकील एकेक बिल पुढे सरकवत होता, "ही सही तुमचीच ना?" मी उत्तर देणार नाही हे त्याला माहीत होतं. त्याला हवा होता तो ज्युरीला दाखवायचा व्हिडिओ. मी प्रत्येक वेळी तेच म्हणत राहिले: "वकिलांच्या सल्ल्यावरून, पाचव्या घटनादुरुस्तीच्या हक्कानुसार मी उत्तर देत नाही."

मग त्याने विचारलं, "तुम्ही तुमचं काम प्रामाणिकपणे केलंत का?"

'हो' ओठांवर आलं होतं. पण त्या 'हो'नंतर कसं, कुणाच्या सांगण्यावरून, कोणती बिलं, हे सगळं उघडं पडलं असतं. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्या दिवसात इतकं जड दुसरं काही गेलं नाही.

रात्री दादाला सांगितलं तर तो चक्रावलाच. आपल्याकडे साक्षीदाराला अशा कारणाने उत्तर टाळता येत नाही. भाग पाडून घेतलेलं उत्तर खोट्या साक्षीचा खटला सोडून त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, एवढंच संरक्षण. पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम १३२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं १३७. मला तो मार्ग जास्त माणुसकीचा वाटतो, निदान दिवाणी दाव्यात तरी: खरं बोलू द्यावं आणि बोलणाऱ्याला जपावं.

जबानीची प्रत वाचून दुरुस्त्या कळवायला तीस दिवस मिळतात; मी ओळ न् ओळ वाचली. दावा ज्युरीपर्यंत न जाता तडजोडीत मिटला. नंतर तपास करणाऱ्यांनी मला बोलावलं. माझी उत्तरं माझ्याविरुद्ध वापरणार नाही, अशी लेखी हमी वकीलबाईंनी आधी घेतली, आणि मग मी पहिल्या बिलापासून सगळं सांगितलं.