इंडिगो रोझ टोमॅटो: दिवस ७० ते ११९

मागच्या नोंदीत चार रोपं होती, आता तीन उरलीत. चौथं मर लागून गेलं. पाणी जास्त झालं, चूक माझीच.

दिवस ७०. फळं गोटीएवढी झालीत आणि उन्हाकडची बाजू आत्ताच जांभळट दिसतेय. इथेच नवखा माणूस फसतो. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा, तो फळ पिकताना येतो. हा जांभळा ॲन्थोसायनिन या दुसऱ्या रंगद्रव्याचा, तो कच्च्या फळावरही ऊन लागलं की चढतो. मागच्या खेपेला मी रंग बघून अर्धी फळं कच्चीच खुडली होती. चवीचं विचारू नका.

नव्यांसाठी थोडक्यात: हा वाण ऑरेगन स्टेट विद्यापीठात जिम मायर्स यांच्या गटाने तयार केला आणि २०१२ मध्ये बाहेर आला. लागवडीच्या टोमॅटोचा जंगली भाऊबंदांशी संकर करून हा रंग सालीत आणलाय. स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची जनुकं घातलेला, आतूनही जांभळा निघणारा टोमॅटो वेगळा. दोघांची गल्लत फार होते.

दिवस ७४. पहिल्या रोपावरच्या दोन कोवळ्या फळांना फॉइलची टोपी घातली, तिसऱ्या फळाला नुसता काळ्या चिकटपट्टीचा पट्टा.

दिवस ८६. एक टोपी काढली. आतलं फळ फिकट हिरवं, शेजारची त्याच घोसातली फळं वांग्यासारखी काळीभोर! पट्टा काढला तर कडा इतकी स्वच्छ, जणू पट्टी ठेवून रेघ मारलीय. खरं तर झाड हा प्रयोग स्वतःच करत असतं: कुठल्याही फळाची देठाकडची हिरवी पाकळी उचलून बघा, खाली चांदणी उमटलेली असते. उघडं केलेलं फळ चौथ्या दिवशी धुरकट झालं आणि दहाव्या दिवशी शेजाऱ्यांत मिसळून गेलं. दुसरी टोपी तशीच ठेवलीय.

दिवस ९०. यश डोक्यात गेलं. दुसऱ्या रोपाची फळांवरची सगळी पानं एकदम काढली. रंग आला खरा, पण तीन फळांवर उन्हाचे पांढरे चट्टेही आले, आणि ती जागा पुढे पापुद्र्यासारखी सुकली. आता घोसावर सावली धरणारं एखाददुसरंच पान काढतो, तेही सकाळच्या उन्हाच्या बाजूचं. बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी फूट) मात्र नेहमीसारखी खुडतो.

तिसरं रोप खिडकीच्या काचेआड होतं. भरपूर उजेड, तरी फळं जेमतेम जांभळट. साधी काच अतिनील किरणांतला बराच भाग अडवते, आणि या रंगाला तीच किरणं हवी असतात. कुंडी बाहेर काढल्यावर आठवड्याभरात फरक दिसला.

स्फुरद (फॉस्फरस) कमी द्या म्हणजे रंग गडद होतो, असा सल्ला फिरत असतो. त्याच्या नादी लागू नका. स्फुरद कमी पडलं की पानांची खालची बाजू जांभळी होते, ती झाडाची उपासमार असते. त्यात फळं लहान राहतात एवढंच.

दिवस ११९. पहिली खरी तोडणी. खूण तळाशी: फळाच्या बुडाचा हिरवा जाऊन तिथे विटकरी लाल आला, वरची चकाकी मंदावली आणि बोटाला फळ किंचित दबलं, की खुडायचं. कापल्यावर आत नेहमीचा लाल गर, जांभळा फक्त सालीत. सोलून खाणाऱ्यांनी हा वाण लावूच नये. चव बरी, आंबटाकडे झुकणारी. नुसत्या चवीसाठी मी दुसरं काहीतरी लावीन.

दुसऱ्या टोपीखालचं फळ साध्या टोमॅटोसारखं लाल पिकलं. पुढच्या हंगामाचं बी त्याच्यातूनच काढलंय. त्याच रोपाचं आहे, त्या बियांच्या रोपांना जांभळा रंग तसाच येणार. काळी फळं खाऊन टाकली.