पाटाच्या कडेनं यावल

आज सकाळी हतनूर धरणाच्या उजव्या कालव्याच्या कडेनं यावलकडे सायकल काढली. दोन्हीकडे केळी, बांधावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, उत्तरेला सातपुडा. मुरूम आहे तोवर ४० मिलिमीटरचा टायर मजेत पळतो. काळी माती ओली लागली की चाक आणि फ्रेमच्या मधे असा गारा बसतो, की बसा काडीनं उकरत! बाभळीचे काटे वेगळेच. ट्यूबलेस (बिनट्यूबच्या) टायरमधलं सीलंट, म्हणजे आत भरलेला चिकट द्रव, बारीक भोक बुजवतो, म्हणून निभावतं. हवा जरा कमीच ठेवायची, नाहीतर मनगटं बोलायला लागतात.

एका शेतकरी काकांनी सायकल उचलून पाहिली, किंमत विचारली. "भाऊ, एवढ्यात तर जुनी मोटरसायकल आली असती!" खरंच होतं, काय बोलणार. आता सातपुड्यातल्या पाल गावच्या जंगलाकडे जायचंय. पण मे महिन्यात नाही हं, भुसावळकरांना कारण सांगायला नको!