बोटभर पुरावा

आज पेनसिल्व्हेनियातल्या एका बिननावाच्या ओढ्यात दिवसभर उभी होते. काम जंगली ट्राउट, म्हणजे ओढ्यातच जन्मलेले ट्राउट मासे, शोधायचं. एकजण पाठीवर बॅटरी घेऊन पाण्यात करंट सोडतो, मासे क्षणभर सुन्न होतात. आपण जाळीत घ्यायचे, मोजायचे, परत सोडायचे. दोन तास नुसता पालापाचोळा. (डाव्या बुटात पाणी, ते वेगळंच.) मग दगडाआडून जेमतेम अडीच इंचांचा ब्रुक ट्राउट! अंगावर कुणी बोटांचे ठसे उमटवावेत तसे गडद पट्टे. मोठा सापडता तर हॅचरीतला (मासे पैदास करून सोडतात त्या केंद्रातला) कुठून तरी पोहत आला असेल, अशी शंका राहते. हे पिल्लू मात्र याच वर्षीचं, इथल्याच खडीत अंड्यातून निघालेलं. आईला फोटो पाठवला. म्हणाली, "सोडलंस ना? एवढ्याशाचं कालवण तरी काय होणार!"