एकाच कादंबरीची दोन नावे

दक्षिण लंडनमधील आमच्या भागातल्या ग्रंथालयात अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांचे वाचनमंडळ मी चालवायला घेतले, तेव्हा पहिले पुस्तक म्हणून न्नेडी ओकोराफोर यांची नायजेरियात घडणारी जादूची साहसकथा निवडली. आठ प्रती दोन ठिकाणांहून मागवाव्या लागल्या आणि पहिल्याच शनिवारी घोटाळा उघडकीस आला. पाच प्रतींवर ‘अकाटा विच’ हे २०११च्या अमेरिकी आवृत्तीचे नाव होते, तर उरलेल्या तीन प्रतींवर ‘व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स’. कथा एकच आहे, हे मुलांना पटवण्यातच अर्धा तास गेला.

जादूच्या शाळांवरील इतर पुस्तकांशी तुलना करणारे प्रश्न मी वहीत लिहून आणले होते. ते वहीतच राहिले, कारण नाव का बदलले असावे, यावरूनच मुलांची जुंपली. आईवडील नायजेरियन असलेल्या एका मुलीने सांगितले की ‘अकाटा’ हा शब्द घरात उच्चारला तर आई रागावते; अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी तो वापरतात. कादंबरीची नायिका सनी ही नायजेरियातील इग्बो समाजाच्या आईवडिलांची, पण न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली. आबा शहरातील शाळेत तिला हाच शब्द ऐकावा लागतो, शिवाय जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य नसल्यामुळे उन्हात फुटबॉलही खेळता येत नाही. यावर एक मुलगा म्हणाला, तिला जे सोसावे लागते ते मुखपृष्ठावरून पुसून काय मिळवले? वीस मिनिटे वाद चालला. मी मधे पडले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशी उत्तरही नव्हते.

पुढच्या शनिवारी मी ‘आफ्रिकी लोककथांमध्ये’ अशी सुरुवात केली आणि त्याच मुलीने शांतपणे विचारले, “कोणाच्या?” पन्नासहून अधिक देशांच्या खंडाला मी एका शब्दात गुंडाळले होते. घरी जाऊन नव्याने वाचन केले. कादंबरीतील जादू जाणणारे लोक स्वतःला ‘लेपर्ड पीपल’ म्हणवतात. त्यामागे ‘एक्पे’ हा एफिक भाषेतील बिबट्यासाठीचा शब्द आहे आणि त्याच नावाचे गुप्तमंडळ आग्नेय नायजेरियातील क्रॉस नदीच्या परिसरात खरोखर आहे. सनी जी न्सिबिदी लिपी धडपडत शिकते, ती या मंडळाशी जोडलेली खरी चिन्हलिपी असून एफिक, एजाघम, इग्बो अशा अनेक लोकांत ती वापरली गेली. हे कळल्यावर मुलांचा जादूतला रस कमी होईल, अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात ती फळ्याकडेच धावली.

मी दोन चिन्हे काढून दाखवली : एकमेकींत गुंतलेल्या दोन कमानी म्हणजे प्रेम किंवा विवाह, आणि पाठमोऱ्या कमानींच्या मधे रेघ म्हणजे भांडण, फारकत. त्यानंतरच्या दोन शनिवारी कथानकाची चर्चा बरी झाली. काही नवे शिकताच आकाशातून पडणाऱ्या ‘चित्तिम’ या धातूच्या कांड्या सर्वांनाच हव्या होत्या. खलनायकाबद्दल मात्र कोणी फारसे बोलले नाही.

शेवटच्या शनिवारी मी पोहोचण्याआधीच ‘अकाटा’ या नावाची बाजू घेणाऱ्या त्या मुलाने फळ्यावर पाठमोऱ्या दोन कमानी काढून मधे रेघ ओढली होती आणि दोन्ही बाजूंना पुस्तकाचे एकेक नाव लिहिले होते. त्या मुलीने हातात फडके घेऊन रेघ पुसली; कमानी तशाच ठेवल्या.