बुकात नाव 'बेबी'

"जय हिंद साहेब," म्हणत ते दारात उभे राहिले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मागे मुलगी, बी. फार्मच्या पहिल्या वर्षाला नुकतीच लागलेली. मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक आहे. नोव्हेंबर चालू होता आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला पाचच दिवस उरले होते.

मुलीने फाइल नीट लावून आणली होती. बारावीला ७८ टक्के (अट ६० ची आहे), कॉलेजचं बोनाफाइड, आधार जोडलेलं बँक खातं. मी डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, उघडलं आणि कुटुंबाच्या नोंदीवरून बोट फिरवू लागलो. पत्नीचं नाव बरोबर. मुलाचं बरोबर. त्याखाली निळ्या शाईत लिहिलं होतं, 'बेबी'. दहावीच्या सर्टिफिकेटवर नाव निराळंच.

"ही कोण?"

"मीच," ती म्हणाली. "घरी अजून बेबीच म्हणतात."

वडील हळूहळू बोलू लागले. ती जन्मली तेव्हा ते काश्मीरमध्ये पोस्टवर होते. आठव्या दिवशी घरी फोन लागला. युनिटच्या क्लार्कला पार्ट टू ऑर्डरसाठी, म्हणजे जवानाच्या कुटुंबातल्या बदलाच्या अधिकृत नोंदीसाठी, नाव हवं होतं, आणि बारसं तर व्हायचं होतं. घरात जी हाक ऐकू आली, तीच त्यांनी सांगितली. सुट्टीवर आले तेव्हा पोरगी रांगत होती. नंतर त्या पानाकडे कुणी पाहिलंच नाही. मीही फौजेतच होतो, माझ्या मुलाच्या बारशाला मीही नव्हतो. त्यामुळे "आधी का नाही बघितलं?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही.

"मग राहू दे साहेब, पुढच्या वर्षी भरू," ते उठता उठता म्हणाले.

मी त्यांना खाली बसवलं. ही शिष्यवृत्ती पहिल्या वर्षालाच मागायची असते, पुढे फक्त नूतनीकरण. मुलींना महिन्याला ३००० रुपये, मुलांना २५००. चार वर्षांचे १,४४,००० होतात. देशभरातून दरवर्षी ५५०० मुलं घेतात, त्यात निम्म्या मुली. लढाईत गेलेल्या आणि जखमी झालेल्या जवानांच्या मुलांना आधी प्राधान्य, बाकीच्यांचा नंबर त्यानंतर. त्यामुळे मिळेलच, असा शब्द मी दिला नाही. पण अर्जच नसेल तर यादीत नाव येणार कुठून? तिचा भाऊ बी. ए. करणार म्हणत होता. साध्या पदवीला ही योजना नाही. त्याच्यासाठी रक्षामंत्री निधीतलं शैक्षणिक अनुदान आहे, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ पासून ते महिन्याला १००० वरून २००० झालं आहे. तेही एका कागदावर लिहून दिलं.

मग धावपळ सुरू झाली. 'बेबी' आणि ही मुलगी एकच, असं प्रतिज्ञापत्र, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसच्या नावाने मी पत्र टाइप केलं, आमच्या साहेबांची सही घेतली आणि शिक्का मारला. शाई ओली होती म्हणून मुलीने पत्रावर फुंकर घातली. वडिलांनी त्याच रात्री बेळगावची एस. टी. धरली.

चौथ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच दोघं पायरीवर बसलेले दिसले. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या न घालता सपाट ठेवलेलं. अर्ज तिने स्वतः भरला. 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात एकेक अक्षर टाइप करताना वडील मागे उभं राहून पुटपुटत वाचत होते.

पुढच्या आठवड्यात नायक हुद्द्याचे एक माजी सैनिक ओळखपत्राच्या कामाला आले. मी म्हटलं, आधी डिस्चार्ज बुक काढा आणि मुलांची नावं मला वाचून दाखवा. दुसरं नाव 'पप्पू' निघालं. मुलगा नववीत होता.