कुशीवर झोपून मालिश

पहिल्या गरोदरपणात सहावा महिना संपत आला होता आणि कंबर अशी धरलेली की खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवावे लागायचे, म्हणून मालिश करून घ्यायला गेले. तिथल्या ताईंनी नेहमीसारखं उताणं झोपवलं आणि पायांपासून सुरुवात केली. पाचेक मिनिटांत मला दरदरून घाम फुटला, मळमळायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तरी मी गप्प. त्या इतक्या मनापासून करत होत्या, मध्येच कसं थांबवायचं असं वाटत राहिलं. शेवटी अगदीच सहन होईना तेव्हा मी आपणहून कूस बदलली आणि दोन मिनिटांत सगळं ओसरलं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की साधारण 20 आठवड्यांनंतर गर्भाशय इतकं जड होतं की उताणं झोपल्यावर ते कण्याच्या बाजूने हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब टाकतं, मग हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, बीपी खाली येतं, आणि बाळाकडे जाणारं रक्तही घटतं. त्या दिवशी मी लाजून गप्प बसले याचं मला अजूनही वाईट वाटतं. म्हणून हे लिहितेय.

दुसऱ्या वेळी गरोदर बायकांची मालिश शिकलेली थेरपिस्ट शोधली. तिने आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, कितवा आठवडा, बीपी कसं आहे, रक्तस्राव झाला का कधी, वार (प्लासेंटा) खाली आहे का, रक्त पातळ व्हायची औषधं चालू आहेत का. ज्या व्यक्तीने यातलं काहीच विचारलं नाही तिच्याकडून मी तरी करून घेणार नाही. मग मला डाव्या कुशीवर झोपवलं, एक उशी डोक्याखाली, एक जाडसर उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये घोट्यापर्यंत, एक छोटी पोटाखाली सरकवलेली आणि एक पाठीला टेकून. गुडघ्यांमधल्या त्या उशीनेच कंबर निम्मी मोकळी झाली, हात लागायच्या आधीच. पोटासाठी भोक पाडलेली टेबलं पण असतात, पण त्यात पोट खाली लोंबतं आणि कंबरेवर ताण येतो, मला ते नकोच वाटलं. झोपणं जमत नसेल तर खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या टेक्यावर उशी घेऊन ओणवं व्हायचं, खांदे आणि पाठ मस्त होते.

दाबाबद्दल एक सांगते. दुखलं म्हणजे लागू पडलं असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, या काळात ते काढून टाका. हार्मोन्समुळे सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, म्हणून हाडं कडकड वाजवणं, पाय ओढून ताणणं नको. पोटावर फार तर तेलाचा हलका हात, दाब अजिबात नाही. आणि तेल साधं, बिनवासाचं. उग्र वासाची सुगंधी तेलं एक तर मळमळ वाढवतात आणि त्यातली काही प्रेग्नन्सीत वापरायची नसतातच.

पहिल्या तीन महिन्यांत बरेच जण मालिश करायलाच नाही म्हणतात. हलक्या मालिशमुळे गर्भपात होतो असं काही सिद्ध झालेलं नाही, पण मुळात गर्भपात सगळ्यात जास्त याच काळात होतात आणि बहुतेक वेळा कारण गर्भाच्या क्रोमोझोममधला दोष हे असतं, ज्यावर कोणाचाच इलाज नसतो. हे मुद्दाम लिहितेय कारण माझ्या एका मैत्रिणीने मान आखडली म्हणून मालिश करून घेतली होती आणि त्याच आठवड्यात तिचं बाळ गेलं, ती कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होती. तुमच्यापैकी कोणी तसं मनात धरून बसली असेल तर प्लीज डॉक्टरांशी बोल, त्या मालिशमुळे ते झालेलं नाही.

आता सुजेबद्दल, हे नीट वाचा. संध्याकाळी दोन्ही पावलं सुजणं बहुतेकींना होतं, हलक्या हाताने पावलाकडून वर सरकत चोळलं की बरं वाटतं. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय, लाल दिसतेय, तर तिला हातच लावायचा नाही, सरळ दवाखाना. माझ्या बहिणीला सिझेरियननंतर दहाव्या दिवशी डावी पोटरी ठणकायला लागली, घरात सगळे म्हणाले की गोळा आलाय, चोळून मोकळा करू, तेलाची वाटी गरमसुद्धा झाली होती. तिने हट्टाने नाही म्हटलं आणि स्कॅनमध्ये शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती चोळून सुटली असती तर फुफ्फुसात जाऊन अडकू शकते, आणि मग अचानक दम लागणं, छातीत दुखणं, जिवावरच येतं. गरोदरपणात असा धोका वाढलेलाच असतो आणि डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या 6 आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो, म्हणून पोटऱ्या आणि मांडीची आतली बाजू जोर लावून रगडायची नाहीच, फुगलेल्या निळ्या शिरा तर सोडूनच द्यायच्या. तसंच चेहरा आणि हात एकदम सुजले, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तर ते बीपीचं असू शकतं, डिलिव्हरीनंतरसुद्धा, तेव्हा डोक्याला तेल लावत बसू नका.

खालच्या जागेच्या मालिशबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. 34-35 आठवड्यांपासून स्वच्छ हात, कापलेली नखं, साधं तेल घेऊन अंगठे योनीत तीन-चार सेंटिमीटर आत ठेवून खाली आणि बाजूंना पाचेक मिनिटं हळू ताण द्यायचा, आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. पहिलटकरणींना याने टाके पडायची शक्यता थोडी कमी होते. जळजळ, इन्फेक्शन असेल, वार खाली असेल किंवा पाणी गेलं असेल तर नाही करायचं. आणि कळांच्या वेळी नवऱ्याने तळहाताने माकडहाडाच्या जरा वर घट्ट दाबून धरलं की पाठीतल्या कळा खरंच सुसह्य होतात, तिथे मात्र जोर लागतो.

डिलिव्हरीनंतर साधी प्रसूती असेल तर बरं वाटायला लागल्यावर डॉक्टरांना विचारून मान, खांदे, पाठ सुरू करता येतं. दूध पाजून मान आणि अंगठ्याकडचं मनगट फार भरून येतं. पालथं झोपलं की छाती दुखते, दूध गळतं, त्यामुळे परत कुशीवरच, खाली टॉवेल. बाळाला शेजारीच ठेवा, मध्येच रडलं तर पाजा, मालिश थांबू दे की. पोट चोळून आत जात नाही, तिथले स्नायू व्यायामाने हळूहळू सावरतात.

छातीत गाठ झाली तर ती दाबून फोडायला जाऊ नका. पूर्वी जोरात चोळायला सांगायचे, पण 2022 मध्ये स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सांगितलं की त्याने सूज आणि इजा वाढते. थंड शेक आणि काखेकडे अगदी पिसासारखा हलका हात, एवढंच. ताप आला तर डॉक्टर.

सिझेरियनच्या टाक्यांना मी जवळपास दोन महिने हात लावला नाही, भीतीच वाटायची, तिथलं बधिरपण विचित्र लागायचं. जखम पूर्ण भरलीय असं तपासून घेतल्यावर थेरपिस्टने दोन बोटं ठेवून कातडी जराशी वर-खाली, डावी-उजवी सरकवायला शिकवलं, रोज पाच मिनिटं. पहिल्या दिवशी मी रडले. मग रात्री बाळ झोपलं की करायचे, आणि महिन्याभराने शिंकताना तिथे ओढ लागायची थांबली.